मोरपिसाची झळाळी कागदावर कशी उतरवायची? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

मोरपीस रंगवायचं ठरलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात आणि चमकीचे रंग घेऊन येतात. मेटॅलिक हिरवा, मेटॅलिक निळा, सोनेरी. ते पांढऱ्या कागदावर लावले की समोर लग्नपत्रिकेवरचा मोर तयार होतो. चकाकतो खरा, पण हातातलं पीस जरा वळवल्यावर निळ्याचा जांभळा होतो, हिरव्याचा निळा होतो, ते त्यात कुठेच नसतं.

मी पक्ष्यांची आणि किड्यांची चित्रं काढते. सुटीच्या दिवशी काही हौशी मंडळी शिकायला येतात, आणि प्रत्येकाची गाडी त्याच त्याच ठिकाणी अडते. ती ठिकाणं इथे क्रमाने मांडली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: ही झळाळी रंगवण्याचं निम्मं काम काळा रंग करतो. चमकीची ट्यूब नंतर येते, आणि कित्येक चित्रांत तिची गरजही पडत नाही.

१. आधी पारख करा: कुठला रंग पालटतो, कुठला नाही

हळदीचा पिवळा कुठूनही पाहा, पिवळाच दिसतो. तो रंगद्रव्याचा रंग. मोरपिसात मात्र निळं किंवा हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या धाग्यांना जे बारीक तंतू फुटलेले असतात, त्यांच्यात मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या केराटिनमध्ये, म्हणजे केस-नखं ज्याची बनतात त्या द्रव्यात, जाळीसारख्या रचलेल्या असतात. दोन कांड्यांमधलं अंतर साधारण १४० ते १६५ नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर). अंतर कमी तिथे निळा, जरा वाढलं की हिरवा, आणखी वाढलं की पिवळसर. मेलॅनिन स्वतः काळपट असतं आणि उरलेला उजेड गिळून टाकतं, म्हणून वर येणारा रंग इतका स्वच्छ दिसतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली मोरपीस पाहिलं तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं, की पीस पाण्याने भिजलं की रंग नाहीसे होतात. रंगद्रव्य असतं तर ते असं पळालं नसतं.

चित्रकाराला यातला एक नियम पुरेसा आहे. असा पृष्ठभाग जसजसा तिरका पाहाल, तसतसा रंग जांभळ्याच्या दिशेने सरकतो. सोनेरी हिरव्याकडे, हिरवा निळ्याकडे, निळा जांभळ्याकडे. उलट सहसा होत नाही. हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, नवव्या पायरीत लागेल.

पण प्रत्येक झगझगीत निळा असा पालटत नाही. खंड्याची पाठ आणि नीलपंखाचे पंख यांतही निळं रंगद्रव्य नाही, तरी त्यांचा निळा बहुतेक कोनांतून निळाच राहतो, कारण आतली रचना स्पंजसारखी अस्ताव्यस्त असते. सी. व्ही. रामन यांनी १९३० च्या दशकात नीलपंखाच्या पिसांवर काम केलं होतं आणि झळाळणाऱ्या शिंपल्यांवरही. तुम्हाला खंड्या रंगवायचा असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि साधा, शुद्ध निळा वापरा. त्यावर चमक घातली की पक्षी खोटा वाटतो.

सुरुवातीला चांगले विषय: मोरपीस, पारव्याची मान, शिंपल्याची आतली बाजू. शिंजीर आणि चमकदार भुंगे दुसऱ्या फेरीत घ्या. साबणाचा फुगा दिसतो सोपा, पण तो इतका झरझर बदलतो की नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

२. सामानाची यादी

कागद: ३०० जीएसएमचा, किंचित खरबरीत जलरंगाचा कागद. कार्ट्रिज शीट नको. तिसऱ्या थराला ती फुगते आणि तिचा लगदा सुटतो. शिवाय एक जाड काळा कागद किंवा काळं माउंट बोर्ड.

जलरंग, सहाच: थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, अल्ट्रामरीन, क्विनाक्रिडोन मजेंटा, बर्न्ट सिएना आणि एक थंड, लिंबासारखा पिवळा. ट्यूबवरच्या नावापेक्षा तिथे बारीक अक्षरात छापलेला रंगद्रव्याचा कोड बघा. पीबी १५, पीजी ७, पीआर १२२ असं लिहिलेलं असतं. 'पीकॉक ब्लू' नावाच्या ट्यूबमध्ये काय भरलंय ते कंपनीगणिक बदलतं. काही ट्यूबमध्ये पांढराही मिसळलेला असतो, आणि पांढरा हा या कामात शत्रू आहे.

ब्रश: ८ नंबरचा गोल, २ नंबरचा गोल आणि एक जुना, केस पिंजारलेला. तो फेकू नका, धागे त्यानेच निघतात.

काळ्या थरासाठी: ॲक्रिलिक काळा किंवा पाण्याने न सुटणारी ड्रॉइंग इंक.

इंटरफेरन्स रंग (कोन बदलला की झळकणारे किंवा विझणारे): हिरवा, निळा, सोनेरी. हे सातव्या पायरीसाठी. आज घेऊ नका.

इतर: वाकणाऱ्या मानेचा टेबललॅम्प, मास्किंग टेप, पाण्याच्या दोन बरण्या, जुन्या सुती कापडाचे तुकडे, एक जुनी सीडी.

३. पीस कुठून आणायचं, आणि कायदा काय म्हणतो

मोर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मोराच्या पिसाऱ्यातली आपोआप गळलेली पिसं देशात बाळगायला आणि विकायला मुभा आहे. देशाबाहेर न्यायला मात्र बंदी आहे. परदेशातल्या भाच्यासाठी कुणी सामानात मोरपिसं भरत असेल तर त्यांना आत्ताच थांबवा. पावसाळा सरताना मोर पिसारा गाळतो, त्यामुळे मोर असलेल्या गावात तेव्हा शेताच्या बांधावर पिसं मिळतात. बाजारातून घेताना देठाचं टोक पाहा. गळलेल्या पिसाचं टोक कोरडं आणि स्वच्छ असतं. उपटलेल्याच्या मुळाशी रक्ताचा अंश राहू शकतो. शंका आली तर घेऊ नका.

ही मुभा मोराच्या पिसाऱ्यापुरती आहे. शिंजीर, खंड्या, नीलपंख यांचं पीस वाटेत सापडलं तर जागेवरच फोटो काढा आणि तिथेच राहू द्या.

परदेशात राहणाऱ्यांना मोरपीस हवंच असं नाही. ब्रिटनमध्ये स्टार्लिंग अंगणात उतरतात, तळ्यावर हिरव्या डोक्याचे मॅलार्ड नर असतात, आणि कबुतरं तर जगाच्या पाठीवर कुठेही. कबुतराच्या मानेवर हिरवा आणि जांभळा असे दोनच रंग आलटून पालटून येतात, म्हणून शिकायला ती मोरपिसापेक्षा सोपी आहे.

४. रंगवण्याआधी बघायला शिका

खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. ट्यूबलाइट आणि खिडकी असे दोन उजेड एकत्र आले की पीस एकाच वेळी दोन गोष्टी सांगतं आणि तुम्ही दोन्ही रंगवायला जाता. उजेड एकच हवा: बाजूने येणारा, खिडकीचा किंवा लॅम्पचा.

पीस काळ्या कागदावर टेपने चिकटवा. आता पीस हलवू नका, स्वतः हला. डावीकडे झुकून पाहा, समोरून पाहा, उभं राहून वरून पाहा. प्रत्येक जागेवरून एक छोटा चौकोन काढा आणि पिसाच्या डोळ्याच्या, म्हणजे टोकाकडच्या रंगीत ठिपक्याच्या, कुठल्या भागात कुठला रंग दिसतो ते शब्दांत लिहा. रंगवू नका, फक्त लिहा. 'मधला जांभळट काळा, भोवती फिरोजी, तांबूस कडा पार विझलेली' असं. तांबूस कडा एका कोनातून पेटते आणि दुसऱ्यातून विझते हे एकदा लिहिलं की पुढे रंगवताना हात आपोआप सावध होतो.

मग एक जागा ठरवा आणि चित्र पूर्ण होईपर्यंत तिथेच बसा. खुर्चीचे पाय जमिनीवर खडूने आखून घेतलेत तरी चालेल. हा हट्ट विनोदी वाटेल, पण अर्धं चित्र एका कोनातून आणि अर्धं दुसऱ्यातून झालं की पिसाला उजेड कुठून येतोय तेच कळेनासं होतं. मग लोक तो गोंधळ झाकायला चमकी मारतात.

जुनी सीडी सुद्धा लॅम्पखाली धरून पाहा. रंग कसे सरकतात हे डोळ्यात भरतं. पण सीडीवर अख्खं इंद्रधनुष्य येतं आणि मोरपिसात तसं येत नाही, त्यामुळे तिचा उपयोग बघण्यापुरताच.

आणखी एक फुकटचा धडा पावसाळ्यात रस्त्यावर मिळतो. डबक्यावर पेट्रोलचा तवंग पसरतो तो ओल्या डांबरावर झळकतो. खालची जमीन फिकट असेल तर तोच तवंग नजरेतही भरत नाही. काळा रंग निम्मं काम करतो म्हणाले ते यासाठीच.

५. पहिला सराव: चमकीशिवाय झळाळणारी पट्टी

कागदावर बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी टेपने आखा. एका टोकाला थॅलो ग्रीन आणि क्विनाक्रिडोन मजेंटा मिसळून केलेला जवळजवळ काळा रंग लावा. हे दोन एकमेकांना मारतात आणि ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा खोल, जिवंत अंधार तयार होतो. त्याला लागून, ओलं असतानाच, शुद्ध थॅलो ब्लू. मग थॅलो ग्रीन. मग हिरव्यात पिवळा. पट्टीच्या मधोमध एक जागा अशी ठेवा की तिथे कागदाचा पांढरेपणा जवळजवळ तसाच, फक्त पिवळट हिरव्या पाण्याने धुतलेला. त्यानंतर पुन्हा झपाट्याने अंधाराकडे या.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. अंधारापासून उजेडापर्यंतचं अंतर लहान ठेवा. सावकाश, हळुवार उतरणारी छटा आकाशाला शोभते. झळाळी मात्र झटक्यात चढते आणि झटक्यात पडते. दुसरं, उजेड वाढताना रंगही पुढे सरकला पाहिजे. फक्त निळ्याचा फिकट निळा केलात तर ती साधी गोलाई होते. निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळट व्हायला लागला की ती पट्टी धातूसारखी दिसू लागते, आणि यात चमकीचा कणही नसतो.

पैठणी घरात असेल तर तिची एक घडी टेबलावर टाका. धूपछाव रंगाच्या पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून घडीच्या माथ्यावर एक रंग आणि उतारावर दुसरा दिसतो. कारण मोरपिसाहून वेगळं आहे, इथे दोन खरे रंग आहेत. पण रंगवणाऱ्याचा प्रश्न तोच: कडेला गेल्यावर रंग कुठे वळतो? अशा चार घड्या रंगवल्यात तर मोरपीस अर्धं सोपं होतं.

पट्टी जमेपर्यंत पुढे जाऊ नका. बहुतेकांची पहिली पट्टी चिखलासारखी होते. कारण जवळजवळ नेहमी एकच: एका जागी तीन-चार रंग आले. एका ठिकाणी दोनच रंगद्रव्यं, हा नियम कडक पाळा.

६. मोरपिसाचा डोळा, साध्या जलरंगात

पोस्टकार्डाहून मोठा कागद घेऊ नका.

आधी रचना. सगळ्यात आत जांभळट काळा भाग, आणि देठाच्या बाजूला त्याला पत्त्यांतल्या बदामासारखी खाच. त्याभोवती फिरोजी निळा. मग रुंद तांबूस, काशासारखा पट्टा. त्याच्या बाहेर सोनेरी-हिरव्या बारीक कडा, आणि शेवटी मोकळे सुटलेले हिरवे धागे. ही वर्तुळं कंपासने काढल्यासारखी नसतात. वरून दाबलेली, अंड्याच्या आकाराची असतात. मधला कणा खालून येतो आणि डोळ्यापाशी समोरून जवळजवळ झाकला जातो. तो डोळ्यातून आरपार काढू नका. अगदी फिकट पेन्सिलने फक्त तीन आकार काढा: आतला बदाम, फिरोजीची कड, तांबसाची कड. धागे पेन्सिलने काढायचे नाहीत.

आता अंधार आधी टाका. जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जायचं असं आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं, आणि एरवी ते बरोबरच आहे. पण इथे आतला बदाम आधी पूर्ण गडद करा, म्हणजे बाकी सगळे रंग त्याच्या तुलनेत मोजता येतात. अल्ट्रामरीन आणि मजेंटा, त्यात थोडा थॅलो ग्रीन. दाट, दह्याइतका. थॅलो कागदाला डाग पाडणारा आहे, त्यामुळे पूर्ण सुकल्यावर शेजारी पाणी आलं तरी फारसा हलत नाही. 'पूर्ण सुकल्यावर' यावर जोर द्या. पंख्याखाली ठेवा आणि चहा करून या.

मग फिरोजी. थॅलो ब्लूमध्ये थॅलो ग्रीन, भरपूर पाणी. बदामाच्या कडेला गडद सुरुवात करून बाहेर येताना ब्रश फक्त पाण्याचा ठेवा. उजेडाच्या बाजूला एक चंद्रकोर जवळजवळ कोरी सोडा. तिच्यावर नंतर लिंबू-पिवळ्याचा एक अगदी पातळ हात फिरवायचा.

तांबूस पट्टा बर्न्ट सिएनाचा. फिरोजीला तो चिकटतो त्या रेषेवर खरी ठिणगी पडते, कारण निळसर आणि नारिंगी एकमेकांना उचलतात. ती रेष मिसळू देऊ नका. फिरोजी सुकल्यावरच सिएना लावा आणि मध्ये केसाएवढी फट ठेवलीत तरी उत्तम. उजेडाकडच्या बाजूला सिएनात पिवळा, उलट बाजूला थोडा अल्ट्रामरीन. हा पट्टा सगळीकडे एकसारखा रंगवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. चौथ्या पायरीत तुम्ही लिहिलं आहे ना, कुठे पेटतो आणि कुठे विझतो? ते समोर ठेवा.

बाहेरचे धागे जुन्या ब्रशने. त्याचे केस बोटांनी पसरवून दाट, जवळजवळ कोरडा रंग घ्या आणि कण्यापासून बाहेर एका झटक्यात ओढा. प्रत्येक धागा सुरुवातीला गडद हिरवा, मध्ये पिवळट आणि टोकाला तांबूस होतो. प्रत्येकावर हे करत बसलात तर पहाट होईल. पाच-सहा धागे नीट करा, बाकीचे सुचवून सोडा.

शेवटी २ नंबरच्या ब्रशने अंधार परत आणा: धाग्यांमधल्या फटींत, फिरोजीच्या सावलीच्या बाजूला, तांबसावर काही तुटक रेषांनी. या रेषा सलग वर्तुळाच्या नकोत, धाग्यांच्या दिशेने बाहेर जाणाऱ्या हव्यात. डोळा वर्तुळांचा वाटतो, पण तो धाग्यांचाच बनलेला आहे.

आणि पांढरा जेल पेन ड्रॉवरमध्येच राहू द्या. फुगा, डोळ्याचं बुबुळ, ओलं पान यांवर पांढरा ठिपका शोभतो, कारण तिथे उजेड जसाच्या तसा परत येतो. मोरपिसावरून परत येणारा उजेड रंगीत असतो. पांढरा ठिपका पडला की पीस प्लास्टिकचं होतं, आणि तो ठिपका मग काढता येत नाही.

७. आता चमक: इंटरफेरन्स रंग

दुकानात तीन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. मेटॅलिक रंग कुठूनही धातूसारखे दिसतात. पर्ल रंगात रंगद्रव्याबरोबर मोत्यासारखी चमकही असते. कापडावर रंगवायचे पर्ल कलर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, ते हेच. इंटरफेरन्स रंगात रंगद्रव्य जवळजवळ नसतंच. अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ लेप असतो आणि लेपाच्या जाडीवर रंग ठरतो. म्हणजे मोरपिसाचंच तत्त्व, कारखान्यात केलेलं. डॅनियल स्मिथच्या जलरंगांत आणि गोल्डनच्या ॲक्रिलिकमध्ये 'इंटरफेरन्स' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आयात माल असल्याने महाग पडतो. लहान ट्यूब पुष्कळ दिवस पुरते.

लेबलवर विश्वास ठेवू नका, चाचणी करा. अर्धा काळा आणि अर्धा पांढरा असा कागदाचा तुकडा खिशात ठेवा आणि दोन्हीवर एकेक बोट लावून बघा. पांढऱ्यावर जवळजवळ नाहीसा आणि काळ्यावर ठसठशीत झाला तर तो इंटरफेरन्स. दोन्हीकडे सारखाच दिसला तर पर्ल किंवा मेटॅलिक. पांढऱ्यावर निळ्या इंटरफेरन्सची पिवळट झाक दिसली तर घाबरू नका, माल खराब नाही. निळा भाग परावर्तित होतो, उरलेला पिवळट भाग आरपार जातो आणि पांढऱ्या कागदावरून परत येऊन निळ्यात मिसळतो. खाली काळा असेल तर तो उरलेला उजेड गिळला जातो.

चित्रात खरी चमक बसवण्याची हौस नवी नाही. आजच्या जम्मू भागातल्या बसोली शैलीत सतराव्या शतकातले चित्रकार दागिन्यांतल्या पाचूंच्या जागी भुंग्यांच्या हिरव्या पंखकवचांचे तुकडे चिकटवत. १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झनने घातलेल्या मोरपिशी पोशाखातही जरीकामाच्या प्रत्येक डोळ्यात असंच पंखकवच शिवलेलं होतं. दोन्हीकडे चमक मोजक्या ठिकाणीच आहे. ते प्रमाण लक्षात ठेवा.

कृती अशी. काळ्या ॲक्रिलिकने किंवा न सुटणाऱ्या इंकने डोळ्याचा आकार भरा. पोस्टर कलरचा काळा वापरू नका. वर ओला ब्रश फिरला की तो उठतो आणि सगळं राखाडी होतं. सुकल्यावर त्यावर साध्या रंगांचे अर्धपारदर्शक थर: फिरोजीच्या जागी निळा, पट्ट्याच्या जागी सिएना. पूर्ण झाकू नका, खालचा काळा जाणवत राहू दे. मग इंटरफेरन्स. निळा फिरोजीवर, सोनेरी तांबसाच्या फक्त उजेडाकडच्या भागावर, हिरवा धाग्यांवर.

अभ्रक बरणीच्या तळाशी बसतं, म्हणून दर वेळी नीट ढवळा. ब्रश धाग्यांच्या दिशेने एकदाच ओढा आणि उचला. घासत राहिलात तर पापुद्रे आडवे-तिडवे होऊन चमक दुधाळ होते. दोन पातळ थर चालतील, एक जाड नको. ओलं असताना मत बनवू नका. सुकल्यावर कागद लॅम्पखाली तिरका करून पाहा.

या रंगांचा ब्रश आणि पाणी वेगळं ठेवा. एकदा अभ्रक मुख्य बरणीत गेलं की पुढच्या महिन्यातलं निसर्गचित्रही चमकायला लागतं. रेझिन आर्टसाठी सुटी अभ्रक पूड मिळते, ती डिंकाच्या (गम अरेबिक) पाण्यात कालवून वापरता येते, पण कालवताना मास्क लावा आणि पंखा बंद ठेवा. लहान मुलं आसपास असतील तर पूड आणूच नका.

८. मधली गंमत: नेलपॉलिशचा पापुद्रा

ही पायरी ऐच्छिक आहे, पण मुलांना सोबत घेऊन करायला मजा येते. पसरट ट्रेमध्ये पाणी घ्या. काळ्या जाड कागदाचा तुकडा आधीच पाण्यात बुडवून तळाशी ठेवा. पंखा बंद, खिडकी उघडी, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. पारदर्शक नेलपॉलिशचा एकच थेंब पाण्यावर सोडा. तो क्षणात पसरून पापुद्रा होतो. कागद एका कडेने तिरका उचला, म्हणजे पापुद्रा त्यावर बसतो. वाळल्यावर काळ्यावर रंगांचे पट्टे उमटतात, आणि कागद तिरका केला की ते सरकतात. नेलपॉलिश जुनं आणि घट्ट असेल तर थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो.

यात रंगद्रव्याचा अंशही नाही. असे कागद कात्रीने कापून भुंग्याच्या पंखकवचासाठी किंवा शिंपल्यासाठी कोलाजमध्ये वापरता येतात.

९. गोलाई असलेले विषय: भुंगा आणि शिंजीर

पीस सपाट असतं. भुंगा गोल असतो, म्हणजे त्याच्या एकाच पाठीवर तुम्हाला सगळे कोन एकदम दिसतात. पहिल्या पायरीतला नियम इथे कामाला येतो: पाठीचा तुमच्याकडे तोंड केलेला भाग हिरवा असेल तर कडेकडे जाताना तो निळा होत जाईल. पिवळट किंवा तांबूस कड मनाने घालू नका. मेलेला भुंगा खिडकीत सापडला तर तो अभ्यासाला ठेवून द्या, रंग विटत नाही. जर्मनीत मेसेल इथे सापडलेल्या सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या भुंग्यांच्या जीवाश्मांवर निळा-हिरवा रंग अजून दिसतो. आपल्या ट्यूबमधल्या रंगांना एवढं आयुष्य नसतं, म्हणून त्यांवरची टिकाऊपणाची खूण तेवढी बघून घ्या.

जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात सावलीत सरळ काळा दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा पेटतो. बहुतेक जण त्याला सगळीकडून जांभळा रंगवतात. तसं करू नका. आधी अख्खा पक्षी निळसर काळ्याने भरा, आणि रंग फक्त तिथे ठेवा जिथे ऊन येऊन थेट तुमच्याकडे वळतं: कपाळ, गळा, खांद्याचा छोटा तुकडा. तोही गुळगुळीत पट्ट्यात नको, बारीक खवल्यांसारख्या ठिपक्यांत, कारण प्रत्येक पिसाचं टोक वेगळ्या कोनात असतं. दोन ठिपक्यांमध्ये काळा दिसत राहिला पाहिजे.

१०. फोटो, छपाई आणि फ्रेम

इंटरफेरन्स रंग असलेलं चित्र स्कॅनरवर टाकू नका. स्कॅनरचा उजेड एकाच ठरलेल्या कोनातून येतो, त्यात तुमची मेहनत राखाडी डागासारखी दिसेल. खिडकीजवळ चित्र उभं करा, उजेड बाजूने घ्या, फ्लॅश बंद ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे चित्र सावकाश तिरकं करत दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. दिवाळी अंकाला, पत्रिकेला किंवा कुठल्याही छपाईला द्यायचं असेल तर सहाव्या पायरीतलं साध्या जलरंगातलं चित्रच द्या. छापखान्याची शाई कोन ओळखत नाही.

फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची फट ठेवून घ्या, आणि समोरच्याच भिंतीवर ट्यूबलाइट असेल तर तिथे टांगू नका. काचेत ट्यूब दिसेल आणि पीस दिसणार नाही. खिडकीला काटकोनात असलेली भिंत सर्वांत बरी. ज्याला भेट द्याल त्याला हे तोंडी सांगून भागत नाही, म्हणून चित्राच्या मागे पेन्सिलने लिहून द्या: वापरलेल्या रंगद्रव्यांचे कोड, काळा थर कशाचा आहे, आणि 'उजेड डावीकडून हवा' किंवा 'उजवीकडून', जो असेल तो.